ठाव म्हणजेच थांग? अजिबात नाही

शब्दखडा

एका पोस्टमध्ये वाचलं: ‘ठाव म्हणजेच थांग. दोन्हींचा अर्थ खोली. थांग जरा काव्यात्म, एवढंच.’ खाली ‘छान माहिती’, ‘नवीन कळलं’ची रांग. नवीन कळलं ते चुकीचं कळलं, म्हणून हा धागा.

ठाव घेतात. थांग कोणी घेत नाही, तो लागतो किंवा लागत नाही. ‘बोलता बोलता तिने त्याच्या मनाचा ठाव घेतला’ यात तिने मुद्दाम काठी घालून पाहिलेलं आहे. ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ यात काठ्या घालून झाल्या आहेत आणि हाती काही आलेलं नाही.

पोहणारा ‘इथे ठाव आहे’ म्हणतो तेव्हा पायाला जमीन लागते एवढंच सांगतो. पाणी साडेचार फूट की पाच, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच जागी ‘इथे थांग आहे’ म्हणून बघा, जिभेलाच अडखळायला होईल. उलट अथांग आहे, पण ‘अठाव’ नाही. ठाव म्हणजे टेकणं आणि थांग म्हणजे पुरता अदमास येणं. चाचपणी आणि मोजमाप यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोघांत.

उलटतपासणी

व्याकरणाच्या नावाखाली सोयीची उदाहरणं वेचली आहेत.

‘डोहाचा ठाव लागत नाही’ हे तुम्ही कधी ऐकलं नाही? तिथे ‘लागणे’ ठावालाही चालतं. म्हणजे घेणे-लागणे ही भिंत पहिल्याच पावसात गळली.

आता ठावठिकाणा आणि थांगपत्ता घ्या. माणूस बेपत्ता असेल तर बातमीत ‘ठावठिकाणा लागला नाही’ असंही लिहितात आणि ‘थांगपत्ता लागला नाही’ असंही. वाचणाऱ्याला फरक पडतो का? नाही.

आणि थांग म्हणजे जाणणं असेल तर ‘कुणास ठाऊक’चं काय करायचं? ‘मला ठावं न्हाई’चं काय? जाणण्याचा अर्थ तर ठावाच्या घरात दिसतोय.

शब्दखडा

ठाऊकचा खडा नेमका लागला. ‘थांग म्हणजेच जाणणं’ हे मी जास्त ताणलं. मान्य, पण तेवढंच.

ठावठिकाणा-थांगपत्त्याचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. ‘तुझा ठावठिकाणा सांग’ म्हणता येतं, ‘तुझा थांगपत्ता सांग’ म्हणता येत नाही. ‘या व्यवहाराचा मला थांगपत्ताही नव्हता’ म्हणजे मला काही कळलंच नव्हतं. त्या जागी ‘मला ठावठिकाणाही नव्हता’ घाला, लगेच मी बेघर होतो. शिवाय थांगपत्ता जवळजवळ नेहमी नकारातच येतो. दोन शब्द एका वाक्यात बदलून चालले म्हणून ते एक होत नाहीत. सगळ्या वाक्यांत बदलून बघायचं असतं.

वावभर

तुमचं ठाव-थांग चालू द्या, पण खोली मोजायचं मराठी मापच तुम्ही दोघं विसरलात. वाव! हल्ली ‘सुधारणेला वाव आहे’ याखेरीज हा शब्द कुठे दिसत नाही. दोन्ही हात आडवे ताणले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक वाव, म्हणजे चार हात, म्हणजे सहा फूट. इंग्रजीतला फॅदम अगदी तोच, तोही पसरलेल्या हातांवरूनच आलेला. आणि आपले लोक ‘फॅदम म्हणजे काय हो’ विचारतात.

ठाव घेण्याचं साधन म्हणजे शिशाचा ओळंबा आणि दोर. हाताने टाकायचा ओळंबा ७ ते १४ पौंडांचा. जुन्या गलबतांच्या दोरावर २ वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ वर तीन, ५ वर पांढरं कापड, ७ वर लाल, १० वर भोक पाडलेलं चामडं, १३ वर निळं, १५ वर पुन्हा पांढरं, १७ वर पुन्हा लाल आणि २० वर दोन गाठी. तिन्ही रंगांचं कापड वेगवेगळ्या पोताचं, कारण रात्री रंग दिसत नाही. खलाशी बोटांनी, वेळ पडली तर ओठांनी चाचपून आकडा सांगायचा. म्हणजे चाचपणी वेगळी आणि मोजमाप वेगळं हे तुमचं वाटप त्या दोरावर टिकतच नाही.

शिवाय ओळंब्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात. तळाची वाळू, शिंपल्याचे तुकडे, चिखल त्याला चिकटून वर येतात. चरबी स्वच्छ आली तर खाली खडक असावा, नाहीतर ओळंबा टेकलाच नसावा.

उलटतपासणी

म्हणजे ठाव हेच मोजमाप. धन्यवाद, माझंच काम केलंत.

वावभर

तुमचं काम मी कशाला करू? दोरात काय काय बिघडतं ते तरी ऐका. तागाचा दोर भिजला की आखडतो. कोरड्या दोरावर खुणा बांधल्या तर पाण्यात त्या खोली वाढवून सांगतात. म्हणून आधी दोर भिजवायचा, ताणायचा, मग खुणा बांधायच्या, आणि वापरात असेपर्यंत पुन्हा पुन्हा पडताळायच्या. नाव चालती असेल तर ओळंबा पुढे फेकायचा, म्हणजे तो टेकेल तेव्हा दोर उभा येतो. दोर २० अंश कलला आणि २० मीटर सुटला, तर खरी खोली १८.८ मीटर. नाव रुतायला सव्वा मीटरची चूक पुरते.

गाळमापक

कल हा सोपा भाग झाला, तो डोळ्यांना दिसतो. खरी गोची तळ कशाला म्हणायचं इथे आहे.

खाडीच्या तोंडाशी किंवा धरणाच्या पोटात तळ म्हणजे फरशी नसते. वर गढूळ पाणी, त्याखाली ताकासारखा पातळ गाळ, त्याखाली दह्यासारखा, मग घट्ट. यात टोकदार वजन खोल जातं, रुंद चकती वरच थांबते. दोर एक, जागा एक आणि ठाव दोन.

पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली सांगणारं ध्वनिमापक यंत्र आणलं म्हणून सुटका नाही. २०० किलोहर्ट्झचा आवाज पातळ गाळाच्या माथ्यावरूनच परत येतो, ३३ किलोहर्ट्झचा आत घुसतो. दोन्ही रेषा एकत्र छापल्या की मधली फट दिसते, आणि ‘खरा तळ कोणता’ यावर कंत्राटदार आणि मोजणारा भांडतात. गाळ उपसायचे पैसे त्या फटीवरच ठरतात ना! काही बंदरांनी यातून वाट काढली आहे. गाळाची घनता घनमीटरला १२०० किलोच्या आसपास पोचते तिथे जहाजापुरता तळ मानायचा. म्हणजे तळ सापडत नाही, तो ठरवावा लागतो.

शब्दखडा

हेच तर मी म्हणतोय! टेकलं म्हणजे कळलं असं होत नाही. ठाव फसवा असू शकतो.

उलटतपासणी

तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही ‘घेणे’ आणि ‘लागणे’ म्हणत होता. आता गाळात उतरून मुद्दा बदलताय. आणि हा धागा मराठीचा आहे की बंदराचा?

वावभर

गाळमापक, तुमचं यंत्र खोली मोजतच नाही. ते वेळ मोजतं. जाण्या-येण्याचा वेळ, गुणिले वेग, भागिले दोन. वेग चुकला की सगळं चुकलं. दोराला निदान हाताला झटका तरी लागतो.

गाळमापक

वेग चुकू नये म्हणूनच पडताळा घेतात. यंत्राखाली सपाट पट्टी २, ४, ६ मीटरवर अशी टांगायची आणि आकडा जुळतो का बघायचं. यंत्रात सेकंदाला १५०० मीटर भरलेत आणि उबदार, खारट पाण्यात खरा वेग १५४० आहे, तर २० मीटरचे १९.५ दिसतात. पाणी १ अंशाने तापलं की वेग साधारण ३ मीटरने वाढतो. त्यात यंत्राचं डोकं पृष्ठभागाखाली किती बुडालंय ते मिळवायचं आणि भरतीचं पाणी वजा करायचं. मोजताना ८.६ मीटर आले आणि त्या वेळी भरती ३.१ मीटर असेल, तर नकाशावर ५.५ लिहायचे.

आणि तुमच्या त्या झटक्याबद्दल. १८५२ साली दक्षिण अटलांटिकमध्ये एका ब्रिटिश जहाजाने ७७०६ वाव दोर सोडून तळ लागल्याची नोंद केली. हे १४ किलोमीटर होतात. इतकं खोल पाणी जगात कुठेच नाही, सर्वांत खोल जागासुद्धा ११ किलोमीटरच्या आतच आहे. झालं असं की दोर एवढा लांब झाला की त्याचं स्वतःचं वजन आणि प्रवाहाची ओढच त्याला खेचत राहिली. ओळंबा टेकल्याचा झटका वर पोचलाच नसणार.

वावभर

ती नोंद ठाऊक आहे. त्यावरचा इलाजही दोरवाल्यांनीच काढला, ते सांगा की. दर १०० वाव सुटायला किती वेळ लागतो ते घड्याळावर लिहीत जायचं. वेळ हळूहळू वाढतो, आणि एकदम उडी मारली की वजन टेकलं. पुढे टेकताच सुटून पडणारं वजनही निघालं. वजन खाली राहायचं, दोराला बांधलेली नळी तळाचा चिखल घेऊन वर यायची. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७५ साली ४४७५ वावांवर तळ गाठला तो दोरानेच.

दंतकथा

पाण्यातून बाहेर या थोडं. हाच तंटा हिरडीत रोज चालतो, आणि तिथे दोन आकडे आधीपासून वेगळे ठेवलेले आहेत.

खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालतात. एका दाताभोवती सहा ठिकाणी, सळई दाताला धरून सरकवत. दाब २० ते २५ ग्रॅमच. निरोगी हिरडीत १ ते ३ मिलिमीटर येतात. पण हिरडी सुजलेली असेल तर टोक तिथे थांबत नाही, मऊ झालेल्या ऊतीत घुसतं आणि आकडा फुगतो. उपचारानंतर तोच आकडा कमी दिसतो. त्यातला काही भाग खरा, काही भाग एवढाच की हिरडी घट्ट होऊन सळईला अडवू लागली. गाळमापकांचा ताक-दह्याचा प्रकार तो हाच.

तो झाला हिरडीच्या काठापासूनचा आकडा, म्हणजे तुमचा ठाव. पण काठ स्वतःच हलतो. हिरडी २ मिलिमीटर खाली सरकली असेल आणि सळई ४ गेली, तर दाताचा आधार ६ मिलिमीटर तुटलाय. हिरडी सुजून ३ मिलिमीटर वर चढली असेल आणि सळई ५ गेली, तर तुटलाय २ च. म्हणून दुसरा आकडा मुकुट आणि मूळ जिथे मिळतात त्या न हलणाऱ्या रेघेपासून धरतात. फक्त ठावावर उपचार ठरवले तर पहिल्याकडे दुर्लक्ष होतं आणि दुसऱ्याला उगाच घाबरवलं जातं.

गाळमापक

भरती वजा करतो तेच हे. काठ हलतो, रेघ हलत नाही.

उलटतपासणी

बरं बाबा. ओळंबावाले, गाळवाले, दातवाले सगळे एका बाजूला. घ्या मग माझी कबुली, जपून ठेवा: टेकल्या जागेचा आकडा आणि पक्क्या रेघेपासूनचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्यांना ठाव आणि थांग ही नावं तुम्ही आज, या धाग्यात दिलीत. भाषेने दिलेली नाहीत. ‘डोहाचा ठाव लागत नाही’चं उत्तर अजून आलेलं नाही.

शब्दखडा

देतो. ‘डोहाचा ठाव लागत नाही’ म्हणजे काठी पोचत नाही. लांब काठी आणली की लागेल. ‘डोहाचा थांग लागत नाही’ म्हणजे काठी कितीही लांब आणा. ‘लागणे’ दोघांना चालतं हे मान्य, भिंत तिथे नव्हती. पण ‘घेणे’ अजूनही एकालाच चालतं, आणि ‘थांग घेतला’ हे तुम्हीही एवढ्या वेळात लिहिलेलं नाही.

उलटतपासणी

लिहिलं असतं तर तुम्ही व्याकरण काढलं असतं. गाळमापक, तुमच्या यंत्राच्या आकड्याला काय म्हणायचं मग, ठाव की थांग?

गाळमापक

दोन्ही नाही. आम्ही ‘खोली’ म्हणतो.

वावभर

किती वाव?

गाळमापक

मीटर.

वावभर

गेलात ना शेवटी तिथेच. नव्या नकाशावरचा ५ कोणी वाव समजून वाचला, तर ९ मीटर पाणी आहे म्हणून नाव आत घालेल. एकक लिहीत जा निदान.