कोयनेच्या खोऱ्यातल्या पोरांनी भूशास्त्राकडे वळावं का?

पाटणची_लेक

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तीव्रता ६.३, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणात पाणी साठायला लागलं ते १९६२ च्या सुमारास, आणि तेव्हापासून त्या भागात लहानमोठे धक्के चालूच आहेत. जलाशयामुळे भूकंप कसे होतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगात कुठेही असोत, कोयनेचं नाव त्यांना घ्यावंच लागतं. कराडजवळ पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्सची, म्हणजे खोल भोकं पाडून जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, २०१७ मध्ये ते काम पुरं झालं. त्याआधी परिसरात दीड किलोमीटरपर्यंतची ९ भोकं घेतली होती.

त्यातून निघालेले दगडाचे दंडगोल पेट्यांत ओळीने लावलेले मी जवळून पाहिलेत. पेटीमागून पेटी काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. मधेच तो जाळीदार होतो, भोकांत पांढरे खडे भरलेले. मधे तांबड्या मातीचा पातळ थर, पुन्हा बसाल्ट. आणि एका पेटीत हा सगळा लाव्हा संपतो, खाली करड्या-गुलाबी पट्ट्यांचा ग्रॅनाइटसारखा खडक लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ज्या जमिनीवर पसरला, ती जमीन हाताला लागते. धक्के उगम पावतात ते या खालच्या खडकात.

हे सगळं आपल्या अंगणात चाललंय आणि आपल्या कॉलेजांतल्या टी.वाय.च्या मुलांना 'जॅम' या आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेत जिऑलॉजीचा, म्हणजे भूशास्त्राचा पेपर असतो हेही ठाऊक नसतं. मागच्या महिन्यात एका कॉलेजात बोलायला गेले होते, वर्गात एकानेही या परीक्षेचं नाव ऐकलेलं नव्हतं. अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणारी मुलं मात्र गावोगाव आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी. करा, नाहीतर पुण्यात करा. मग नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा. फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वर घरभाडं. एवढा पगार एमआयडीसीत सुरुवातीला किती जणांना मिळतो? पीएचडी करणारं पोरगं घराला ओझं नसतं. सातारा-सांगलीच्या मुलांनी या क्षेत्रात यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

तासिकेवरचा_मास्तर

ताई, तुमची तळमळ कळते, पण मुलांना अर्धंच चित्र दाखवू नका.

मी एम.एस्सी. जिऑलॉजी, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास. आणि आज तासिका तत्त्वावर शिकवतो. जून-जुलैत मुलाखत, दिवाळीनंतर कधीतरी पहिलं मानधन, उन्हाळ्यात काहीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, समोर बसलेली माणसंही तीच. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. आम्ही तोच अभ्यासक्रम शिकवतो, त्याच उत्तरपत्रिका तपासतो आणि ताशी हिशोबावर घरी जातो.

त्यात जिऑलॉजी हा विषयच मुळात मोजक्या कॉलेजांत. शिकवणारा निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, जागा नाही म्हणून मुलं प्रवेश घेत नाहीत, मुलं नाहीत म्हणून विषय बंद. केमिस्ट्रीवाल्याला निदान दहा कॉलेजांत अर्ज करता येतो. आमच्या पोराने कुठे करायचा?

राहिली यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट, म्हणजे सरकारी भूवैज्ञानिकांच्या भरतीची परीक्षा. २०२३ ला २८५ जागा होत्या, २०२४ ला ५६. सगळ्या देशात मिळून! ज्या वर्षी तुमचं एम.एस्सी. संपेल त्या वर्षी किती निघतील हे कोण सांगणार? पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. बाहेर पडेपर्यंत वय तिशीच्या घरात, बहिणीचं लग्न तोंडावर, बापाने सोसायटीचं कर्ज काढलेलं. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवता, पण तिथे निदान पदवीवर परीक्षा देता येते. आवड हवी, मान्य. पण आवडीवर हप्ते फिटत नाहीत.

पाटणची_लेक

सर, मी कुणालाच नावं ठेवलेली नाहीत. तासिका तत्त्वाची अवस्था तुम्ही लिहिलीत तशीच आहे, त्यावर वाद नाही. पण ती मराठी, इतिहास, गणित सगळ्यांचीच आहे. त्यावरून भूशास्त्रच करू नका हा निष्कर्ष कसा निघतो? तुम्ही शिक्षकाची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून हिशोब मांडताय. मी संशोधन संस्थांबद्दल बोलतेय: हैदराबादची भूभौतिकी संस्था एनजीआरआय, पनवेलची भूचुंबकत्व संस्था, पुण्याची हवामान संस्था आयआयटीएम, गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था, डेहराडूनची हिमालयाचा अभ्यास करणारी वाडिया. सगळीकडे प्रोजेक्टवर आणि फेलो म्हणून मुलं घेतात.

जत_पूर्वभाग

मी शेतकरी, शिक्षण बारावी. पण मला इथं बोलायचं आहे.

आमच्याकडं बोअर घ्यायचं तर आधी पाणाड्या येतो. हातावर नारळ घेऊन रानभर फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथं पाडा. माझ्या रानात त्याच्या सांगण्यावरून पाडलेली दोन बोअर कोरडी गेली, शेजाऱ्याची तर विचारूच नका. पाचशे फुटांच्या खाली गेलं की फुटाचा दरही चढतो. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी येतंय कुठंकुठं, पण सगळीकडं नाही.

खडक वाचणारा एक माणूस तालुक्याला बसवला तर शेतकऱ्याचे किती पैसे वाचतील? मास्तर म्हणतात जागा नाहीत. जागा नाहीत म्हणजे गरज नाही असं थोडंच आहे? आमच्याकडं गरज केवढी आहे ते येऊन बघा. मुलं शिकली पाहिजेत, आणि शिकून जागा मागितल्या पाहिजेत.

निवृत्त_भूवैज्ञानिक

जतच्या दादांनी मर्मावर बोट ठेवलंय. मी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत आयुष्य काढलं. निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात, वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजायची. टेप सोडायची, ओला भाग कुठवर आला ते वाचायचं, नोंद करायची. कंटाळवाणं वाटेल, पण वीस वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की आटपाडीत द्राक्ष-डाळिंब वाढल्यावर पाणी कुठल्या वर्षापासून खाली जायला लागलं ते स्वच्छ दिसतं. बसाल्टमध्ये पाणी सगळीकडे नसतं. मुरमात, सांध्यांमध्ये, दोन लाव्हा थरांच्या मधल्या पट्ट्यात असतं. सलग पाषाणात हजार फूट गेलात तरी कोरडंच. हे सांगायला शिकलेला माणूस लागतो.

पण या बाईंचा पीएचडीचा आग्रह मला पटत नाही. सर्वसाधारण घरातल्या मुलाने एम.एस्सी. झाल्या झाल्या नोकरीच्या परीक्षा द्याव्यात. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि केंद्रीय भूजल मंडळाची अशी दोन्ही पदं असतात. वयाची अट खुल्या गटाला ३२. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययन १०० गुणांचं आणि विषय ३०० गुणांचा, म्हणजे विषय पक्का असलेल्या मुलाला राज्यसेवेपेक्षा इथे जास्त वाव. एमपीएससीतून सहायक आणि कनिष्ठ भूवैज्ञानिकाच्या जागा निघतात, त्या कधी निघतील याचा मात्र भरवसा नाही, तिथे मास्तरांशी मी सहमत. आधी नोकरी, मग पीएचडी नोकरीत राहून करता येते. माझ्या बरोबरीच्या दोघांनी तशीच केली.

विट्याची_जर्मनीत

काका, नोकरी सांभाळून पीएचडी होते हे खरं, पण प्रयोगशाळेतलं काम असेल तर फार अवघड जातं. मी विट्याची, सध्या जर्मनीत पीएचडी करतेय, विषय नदीचा गाळ. इथे पीएचडी ही नोकरीच असते. जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो, विमा असतो. नॉर्वेतही तसंच. अमेरिकेत फी माफ होऊन शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल पैसे मिळतात. फक्त २०२५ मध्ये तिथल्या संशोधन निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, त्यामुळे सगळी भिस्त एकट्या अमेरिकेवर ठेवू नये.

अडतं कुठे ते सांगते. जाहिरात वाचून आपली मुलं प्राध्यापकांना जो मेल पाठवतात, त्यात पहिल्या चार ओळी आदराच्या, मग "मला आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करायची इच्छा आहे". असा मेल कुणी पुरता वाचत नाही. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं काय कळलं आणि काय अडलं ते दोन ओळींत लिहा, तुम्ही स्वतः काय मोजलंय ते एका ओळीत लिहा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी किती फुटांवर गेलं हे सांगलीत लहान पोराला कळतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. पुरावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला हा अनुभव मोलाचा वाटतो. आपल्या मुलांना तो सांगायचाच सुचत नाही.

आणि पैशांसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत, सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ज्याला जी लागू होते त्याने त्याची तारीख आधी बघावी. तारीख चुकली की वर्ष गेलं.

तासिकेवरचा_मास्तर

विट्याच्या ताईंचं कौतुक आहे, खरोखर. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. शिकून हैदराबाद, डेहराडून, जर्मनी. मग कोयनेचं नाव कशाला घ्यायचं? पाटणचं पोरगं जर्मनीत नदीचा गाळ मोजणार आणि पाटणला दरड कोसळणार.

२२ जुलै २०२१ आठवा. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. रात्रीतून घरं गाडली गेली. डोंगरउतारावर माती किती जाड आहे, पाणी कुठून मुरतंय, भेग कधी पडली हे बघणारा माणूस त्या तालुक्यात कायमचा नेमलेला असता तर? आधी इथे पदं निर्माण करा, मग मुलांना बोलवा. पदं नसताना मुलांना या विषयात ढकलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि मी तो दरवर्षी वर्गात डोळ्यांनी बघतो.

वाळव्याची_आई

मुलीला जिऑलॉजी घ्यायचीय. घरातले म्हणतात, दगड फोडत डोंगरात मुलीने एकटीने फिरायचं का? मला तिला अडवायचं नाही, पण भीती वाटते. कुणी बायकांनी सांगाल का?

पाटणची_लेक

ताई, एकटीने कुणीच जात नाही, मुलगेही नाही. फिल्डला गट असतो, सोबत शिक्षक असतात, गावात आधी सांगून जातात. मी सह्याद्रीच्या कड्यांवर खूप फिरले. खरा त्रास स्वच्छतागृहाचा आणि मुक्कामाचा होतो, तो लपवणार नाही. तुमच्या मुलीच्या विभागात फिल्डला बाई शिक्षिका सोबत असते का, एवढं प्रवेशाआधी विचारून घ्या. आणि जिओफिजिक्स (भूभौतिकी), हवामान, रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास) यांत बरंचसं काम संगणकावरचं असतं. तिला डोंगरच आवडत असेल तर मात्र जाऊ द्या तिला.

मास्तर, आंबेघरचं तुम्ही बोललात, ते मला फार लागलं. ती माझ्या तालुक्यातली गावं आहेत. पण पदं आधी की माणसं आधी, यात मी माणसं आधी म्हणेन. या जिल्ह्यातले पन्नास शिकलेले भूवैज्ञानिक उभे राहून तालुक्याला एक पद मागतील, त्याला वजन असेल. आज मागायला आहे कोण? तुम्ही आणि मी.

तासिकेवरचा_मास्तर

आणि ते पन्नास उभे राहीपर्यंत त्यांच्या घरची चूल कोण पेटवणार, एवढंच मी विचारतोय.

एस_वाय_फिजिक्स_कराड

मी सगळं वाचलं. माझ्याकडे जिऑलॉजी नाही, फिजिक्स-मॅथ्स आहे. मग माझा संबंधच येत नाही का?

निवृत्त_भूवैज्ञानिक

येतो, चांगलाच येतो. जॅमला फिजिक्सचा पेपर दे, जिओफिजिक्सच्या एम.एस्सी.ला फिजिक्सवाल्यांना घेणाऱ्या संस्था आहेत. जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिओफिजिसिस्टच्या पदाला एम.एस्सी. फिजिक्सही चालतं. टी.वाय.त असतानाच जॅमला बसता येतं. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत.

तासिकेवरचा_मास्तर

बाळ, जॅम जरूर दे. पण सोबत बी.एड. किंवा बँकेची परीक्षा, काहीतरी एक हाताशी ठेव. आणि जेआरएफ लागल्याशिवाय पीएचडीला नाव नोंदवू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. जॅमच्या जिऑलॉजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत, तुझ्या मित्रांपैकी कुणाला लागल्या तर सांग.

पाटणची_लेक

फिजिक्सच्या माझ्याकडे आहेत. बी.एड.चं मात्र पटलं नाही सर, दोन वर्षं जातात त्यात. तेवढ्या वेळात त्याचं एम.एस्सी. होऊन जाईल.