चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे प्रदूषण थांबले का? (चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र)

प्रश्न – मोहर्लीकर
चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट असून, सर्वांत जुने दोन संच बंद झाल्यानंतर तेथे सात संच उरले आहेत. राख पकडणारी यंत्रणा ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवते असे सांगितले जाते आणि चिमणीतूनही पुष्कळदा धूर दिसत नाही. मग परिसराला धोका नेमका कशाचा उरतो? नववीच्या वर्गात हा विषय शिकवायचा असल्याने मला अर्धवट उत्तर द्यायचे नाही.

उत्तर – बाष्पक
आधी साधे गणित मांडून पाहावे. एक युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला जवळजवळ ४९ हजार टन कोळसा लागेल. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे राख झाली १७ हजार टन. तिच्यातील बरीचशी धुराबरोबर वर जाते आणि विद्युतभारित पत्र्यांवर अडते, परंतु त्यातली अर्धा टक्का जरी निसटली तरी रोज साठ-सत्तर टन बारीक राख हवेत मिसळते.

ही यंत्रणा फक्त कण अडवते, वायू अडवत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. पुढे हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. तो वायू रोखण्याचे मानक केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवले, त्याची मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट दिली. गंभीर प्रदूषित क्षेत्रांतील केंद्रांचा निर्णय मात्र प्रकरणनिहाय होणार आहे. आपल्या कोळशात गंधक कमी असते हा सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद खरा आहे, पण एवढा कोळसा एकाच ठिकाणी जळत असताना मला तो पुरेसा वाटत नाही.

उत्तर – इरईकाठ
अडवलेली राख नाहीशी होत नाही, एवढीच भर घालतो. काही सिमेंट आणि विटांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. वरचा थर सुकला की उन्हाळी वाऱ्याने ती पुन्हा उडते, आणि बंधारा पाझरला तर भूजलात उतरते. शिवाय केंद्राला पाणी इरई धरणाचे लागते आणि चंद्रपूर शहरही त्याच धरणाचे पाणी पिते. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्यामुळे संच बंद ठेवावे लागले होते.

मोहर्लीकर
आभारी आहे. साठ-सत्तर टनांचे हे गणित विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर सोडवून घेईन. बंधाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी तपासायचे झाल्यास कोणते घटक पाहावेत?

इरईकाठ
आर्सेनिक, पारा, सेलेनियम आणि बोरॉन. फ्लोराइडही पाहावे, मात्र जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात ते मुळातच अधिक असल्याने बंधाऱ्यापासून दूरच्या एका विहिरीचा नमुना तुलनेसाठी अवश्य घ्यावा.