कुष्ठरोगासाठी काढलेल्या संस्थेनं शुगरवाल्यांचे पाय बघावेत का?

पराटीवाला (आर्वी)
राम राम मंडळी. वडील आणि गावातल्या चौघांनी मिळून 1983 मध्ये आमची छोटी संस्था काढली. घटनेत उद्देश एका ओळीत आहे: कुष्ठरुग्णांचा शोध, उपचार व पुनर्वसन. तेव्हा वर्धा जिल्ह्यात बहुविध औषधोपचार (कुष्ठावर दोन-तीन औषधं एकत्र देणं) नवानवा होता, वडील सायकलच्या हँडलला गोळ्यांची पिशवी अडकवून फिरायचे. मग डिसेंबर 2005 मध्ये देशानं निर्मूलनाची पातळी गाठली, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. देणगीदारांनी 'संपला रोग' एवढंच वाचलं. आज बुधवारच्या मलमपट्टीला सात-आठ म्हातारे येतात, बस.

पण त्याच बाकावर आता वेगळी माणसं येऊन बसतात. मागच्या बुधवारी कापूस वेचणारी एक बाई आली. टाचेत बाभळीचा काटा अख्खा आत, चार दिवसांपासून. तिला पत्ताच नाही. सुनेला पायपुसण्यावर रक्त दिसलं म्हणून घेऊन आली. सिस्टरनं सवयीनं आधी कुष्ठाचे चट्टे शोधले, एकही नाही. शुगर तपासली तर तीनशेच्या वर.

आता एक कंपनी व्हॅन द्यायला तयार आहे. अट अशी की महिन्याला हजार जणांची शुगर-बीपी तपासायची आणि पाटीवरून 'कुष्ठ' शब्द काढायचा. काका (विश्वस्त) म्हणतात, भाऊनं ज्यासाठी काढली ते सोडायचं असेल तर कुलूपच लावा. मला व्हॅनही हवी आहे आणि काकाही.

निवृत्त पर्यवेक्षक, वर्धा
मी तीस वर्षं कुष्ठरोगाच्या कामात होतो. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम काढलं तेव्हा रोग बरा करणारं औषधच नव्हतं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान 1951 चं. त्यांनी वसाहतीऐवजी घरोघरी जायची वाट धरली, सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. काम तेच, रीत पार वेगळी. काकांना हे आठवत असेल.

तुमच्याकडे व्हॅनपेक्षा मोठी वस्तू आहे, ती म्हणजे तुमची सिस्टर. कुष्ठानं पाय बधिर होतो तसा शुगरनंही होतो, आणि बधिर पाय ओळखणारा माणूस आज तालुक्याला सापडत नाही. आम्ही बॉलपेन वापरायचो. रुग्णाचे डोळे मिटायचे, तळव्यावर पेनाचं टोक अलगद टेकवायचं, आणि कुठे लागलं ते त्यानं बोट ठेवून दाखवायचं. जिथे बोट जात नाही तिथे उद्या जखम. शुगरच्या पायालाही हेच चालतं, आणि मऊ रबराची एमसीआर चप्पलही तीच.

मात्र सगळंच उचलू नका. कुष्ठात घाम येत नाही, कातडी वाळून भेगाळते, म्हणून वीस मिनिटं पाय भिजवून तेल लावायला सांगतो. शुगरवाल्यांना भिजवायला सांगू नका. त्यांचा रक्तपुरवठाही कमी असतो, कातडी फुगते आणि जखम चिघळते. आणि शोध थांबवू नका. हा रोग दिसायला पाच वर्षंही लागतात, वीसही. लहान मुलात नवा चट्टा निघाला तर गावात लागण चालूच आहे असं समजा.

गटप्रवर्तक ताई
दादा, ती हजाराची अट मान्य करू नका. आमच्याकडे अशीच एक गाडी आली होती, दुपारपर्यंत रांग, फोटो, चहा. सहा महिन्यांनी एका घरी गेले तर तपासणीची चिठ्ठी कणकेच्या डब्याखाली, घडीसुद्धा मोडलेली नाही. गोळी एकही घेतलेली नाही. तिशीवरच्यांची यादी आमच्या आशा करतातच, उपकेंद्रात शुगरही बघतात. पाय कोणी बघत नाही, चप्पल कोणी देत नाही. तेवढं तुम्ही धरा, नावं आम्ही पाठवतो.

बोरी अरब
पाटी काढू नोका जी. माया बापाले महारोग होता, त्याच्यासंग कोणी एका बाकड्यावर बसे नाही. आता शुगरवाला पाटील त्याच बाकड्यावर बसत असन त बसू द्या ना! कंपनीले पाटी खुपत असन त गाडीवर तिचं नाव मोठं लिवा, भिताडावर नोको.

पराटीवाला (आर्वी)
सगळ्यांचे आभार. कंपनीला लिहिलं: पाटी राहील, हजाराऐवजी दर बुधवारी वीस पाय, आणि तीच माणसं दर तीन महिन्यांनी परत. उत्तर आलेलं नाही. वकील म्हणतात, उद्देशात भर घालायला नुसता ठराव पुरत नाही, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. कागद काढतोय.

काकांना पेनाची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाले, असं काही नसतं, कर माझ्यावर. डोळे मिटून खाटेवर बसले. उजवा पाय बरोबर. डाव्या अंगठ्याखाली दोनदा टेकवलं, बोट हललं नाही. 'टेकव ना आता,' म्हणाले.

उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन जातोय त्यांना.