कॅप्टन बीफहार्टचा 'ट्राउट मास्क रेप्लिका' ऐकायचा कसा?

नेरुळ_सीवूड्स:
मंडळी, मनापासून विचारतेय. गेले काही दिवस ऑफिसला जाताना ठाणे लोकलमध्ये अमेरिकन रॉक गायक कॅप्टन बीफहार्टचा १९६९ चा हा डबल अल्बम ऐकतेय. पहिलं गाणं दोन मिनिटांचंही नाही, पण तेवढ्यातच डोकं गरगरतं. दोन गिटारी दोन दिशांना, ड्रम तिसरीकडे आणि वर तो घोगरा, गुरगुरणारा आवाज. घरी स्पीकरवर लावला तर भाऊ म्हणाला, "अजून वाद्यं लावतायत का?" आणि याच अल्बमला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत स्थान दिलंय! मला रॉक आवडतं, जॅझही थोडंफार ऐकते. यात नेमकं काय ऐकायचं, कुणी सांगेल का?

घोडबंदर_स्ट्रॅट:
मी गिटार वाजवतो, आणि मला हा अल्बम अजिबात आवडत नाही. २८ ट्रॅक आहेत, त्यातले तीन-चार सोडले तर पुन्हा ऐकावंसं काही सापडत नाही. सगळे ग्रेट म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं, हे मला पटत नाही. ज्याला जे मनाला येईल ते वाजवलंय, असंच वाटतं.

नौपाडा_तबला:
स्ट्रॅट, आवडत नाही हे मान्य. पण "मनाला येईल ते वाजवलंय" हे सोडून देता येत नाही, कारण नेमकं तेच खरं नाही. या अल्बममधला बहुतेक भाग एकेका सुरापर्यंत ठरवलेला आणि घोटून बसवलेला आहे.

हकिकत अशी. बीफहार्ट म्हणजे डॉन व्हॅन व्लिएट. त्याला पियानो वाजवता येत नव्हता, तरी तो पियानोवर बसून तुकडे काढायचा. ते तुकडे लिहून घ्यायचा त्याचा ड्रमर जॉन फ्रेंच. मग कुठला तुकडा कुठल्या गिटारला, कुठला बास गिटारला, एकापुढे एक कसे जोडायचे, हे सगळं फ्रेंचने बसवलं आणि बाकीच्यांना शिकवलं. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात एका भाड्याच्या घरात बँडमधली ही पोरं साधारण ८ महिने एकत्र राहून रोज तासन्‌तास रियाज करत होती. निर्माता होता रॉक संगीतकार फ्रँक झॅपा. स्टुडिओत गेल्यावर वाद्यांचं बहुतेक रेकॉर्डिंग सुमारे ६ तासांत उरकलं. जे हाताला येईल ते वाजवणाऱ्यांना हे जमत नाही. बीफहार्टने सगळा अल्बम एका बैठकीत आठ-साडेआठ तासांत रचला, ही मात्र त्याने स्वतःच पसरवलेली दंतकथा.

आता ऐकायचं कसं ते. माझ्या क्लासमध्ये मी दोन मुलांना समोरासमोर बसवतो. एकाने हातावर १६ मात्रांचा तीनताल धरायचा, दुसऱ्याने १० मात्रांचा झपताल, मात्रेचा वेग दोघांचा एकच. सुरुवात एकत्र. दुसऱ्या आवर्तनातच गोंधळ वाटायला लागतो, बाहेर बसलेले पालक आत डोकावतात. एक्केचाळिसाव्या मात्रेला झपतालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा येते आणि ती बरोबर तीनतालाच्या 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी पडते. एकाची टाळी वाजते, त्याच क्षणी दुसऱ्याचा हात उलटा होतो. ८० मात्रा पुऱ्या झाल्या की दोघंही समेवर. मुलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू फुटतं ना, ते मला या अल्बमने पुन्हा पुन्हा दिलंय.

बीफहार्टकडे अशा वेगवेगळ्या लांबीच्या ओळी एकाच वेळी चाललेल्या असतात. फरक एवढाच की तो तुम्हाला समेपर्यंत नेईलच असं नाही. बऱ्याचदा मध्येच सगळे थांबतात आणि पुढचा तुकडा सुरू. आपल्या कानाला तिथेच ठेच लागते. म्हणून सगळं एकदम ऐकू नका. दोन गिटारी दोन बाजूंना वेगळ्या ठेवल्यात, तर हेडफोनचा एकच कान लावा आणि एकाच गिटारचा माग धरा. ती ओळ गुणगुणता येईल इतकी स्पष्ट आहे. मग दुसरा कान. शेवटी ड्रम. फ्रेंच नुसता ठेका धरत नाही, गिटारच्या ओळींना उत्तरं देत जातो. मला विचाराल तर या अल्बमचा खरा नायक तोच.

गाणं वाद्यांवर नीट बसत नाही, हे मात्र खरं. बीफहार्टने हेडफोन न लावता गायलंय. काचेपलीकडून झिरपेल तेवढाच वाद्यांचा आवाज त्याच्या कानावर पडत होता. मला तो आवाज फार आवडतो, हाउलिन वुल्फच्या ब्लूजचा वारसा त्यात सरळ ऐकू येतो. पण तिथे कुणी नाक मुरडलं तर मी वाद घालणार नाही.

कोपरखैरणे_सेक्टर१५:
त्या घरातल्या बाकीच्या गोष्टीही सांगा ना. पोरांना पोटभर खायला मिळत नव्हतं, बीफहार्ट आणि बाकीचे एकेकाला कोंडाळ्यात घेऊन तासन्‌तास टोचून बोलायचे, मारहाणही झाली. हे माहीत असताना तुम्ही आनंदाने कसं ऐकता?

नौपाडा_तबला:
बरं झालं विचारलंत. फ्रेंच आणि गिटारवादक बिल हार्कलरोड, दोघांनीही पुढे पुस्तकांतून हे लिहिलंय, त्यामुळे शंकेला जागा नाही. सगळ्यात जास्त चीड येते ती एका गोष्टीची. रेकॉर्डिंगनंतर बीफहार्टने फ्रेंचला हाकलून दिलं, आणि अल्बम निघाला तेव्हा कव्हरवर त्याचं नावच नव्हतं. ज्याने सगळं कागदावर उतरवलं, बसवलं, शिकवलं, त्याचं नाव नाही! हा अन्याय आहे, आणि कलेसाठी चालायचंच असं मी कधीही म्हणणार नाही. छळ केला नसता तर हे संगीत झालंच नसतं, हेही मला पटत नाही. रियाजाला शिस्त लागते, उपासमार लागत नाही. मी ऐकतो ते त्या पोरांनी काय कमावलं ते ऐकायला, आणि क्लासमध्ये हा अल्बम लावला की आधी फ्रेंचचं नाव घेतो.

घोडबंदर_स्ट्रॅट:
फ्रेंचचं माहीत नव्हतं. एक कान लावून ऐकतो. आवडेल असं वचन देत नाही.

नेरुळ_सीवूड्स:
आभार! आज एकच गिटार धरून ऐकलं, तुर्भे ते ऐरोली. ओळ खरंच सापडते. पण सुरुवातच या अल्बमने करावी का? भावालाही ऐकवायचंय.

नौपाडा_तबला:
भावाला यापासून लांब ठेवा आत्ता. आधी १९६७ चा 'सेफ ॲज मिल्क' द्या. त्यात तरुण राय कूडरची गिटार आहे, ब्लूज-रॉक आवडणाऱ्या कुणालाही चालेल. मग १९७२ चा 'क्लिअर स्पॉट', ठेका एकदम घट्ट. त्यानंतर 'ट्राउट मास्क', तोही दिवसाला एक बाजू. मूळ दोन रेकॉर्डी होत्या, म्हणजे चार बाजू. सलग २८ ट्रॅक ऐकले तर कान बधिर होतात, मग चांगलंही नकोसं वाटतं. आणि शेवटी १९८० चा 'डॉक ॲट द रडार स्टेशन' चुकवू नका. त्यावर पुन्हा फ्रेंच आहे, मुख्यतः गिटारवर, ड्रमला दोनेक गाण्यांतच, आणि या खेपेला नावासकट.