लहान हँगर धरू की मोठ्या जागेची वाट पाहू?

रिव्हेट_अमरावती:
एएमईचं, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगचं कॉलेज संपलं. नागपुरातल्या एका लहान वर्कशॉपनं बोलावलंय. सेसना १५२ या लहान विमानांचं मेंटेनन्स चालतं आणि कोपऱ्यात पुष्पक नावाचं एक जुनं विमान पुन्हा उभं करताहेत. पगार अगदीच कमी. घरचे म्हणतात, मिहानला मोठ्या विमानांचं काम आहे, तिथली जागा निघेपर्यंत थांब. काय करू?

सोनेगावचे_काका:
बेटा, थांबून काय करशील? पण आधी लायसन्सचं पाहा. पिस्टनच्या विमानांचं बी१.२, जेटचं बी१.१. आन् डीजीसीए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं, धरते तो अनुभव रोज उडणाऱ्या विमानाच्या कामाचा. नुसत्या पुष्पकवर घाम गाळला तर लॉगबुकात काय लिहिशील? म्हणून त्यांना सरळ विचार, ५० आन् १०० तासांच्या इन्स्पेक्शनवर मले ठेवणार का, आन् सही कोण करणार?

बाकी शिकायले अशी जागा नाही. कम्प्रेशन घेताना, म्हणजे इंजिनातून हवा कुठं गळते ते तपासताना, सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडायची आन् कान लावायचा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ब्रीदरच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. मीटर आकडा सांगते, जागा कानच सांगते. प्रॉपेलर धरणारा मात्र पक्का पाहिजे, नाहीतर हात गेला समज.

पुष्पक एचएएलचं, पहिलं १९५८ साली उडालं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वरून कापड. कापड पंखातल्या आडव्या फासळ्यांना, म्हणजे रिबला, दोऱ्यानं शिवायचं, मग डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचे हात. आपल्या नागपुरात हे काम थंडीतलंच. मे महिन्यात ४५ डिग्रीत ब्रश फिरायच्या आत सुकते, पावसाळ्यात दमट हवेनं पांढरं पडते. आन् डोप भुर्रकन पेटते, त्या दिवशी वेल्डिंगवाल्याले सुटी.

टास्ककार्ड:
काकांना पुष्पक दिसलं की पगार दिसत नाही! मी मोठ्या हँगरमध्ये आहे. सुरुवातीला पॅनेल उघडा, स्क्रू मोजा, पुन्हा लावा, एवढंच काम. पण कागदांची शिस्त लागते आणि पगार तारखेला येतो. बी१.२ वरून पुढे बी१.१ घेता येतं, मात्र जास्तीचे पेपर आणि टर्बाइनच्या, म्हणजे जेटसारख्या इंजिनांवरचा अनुभव लागतो. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

रिव्हेट_अमरावती:
फोन केला. सेसनाच्या इन्स्पेक्शनला ठेवू आणि लॉगबुकवर सहीही करू, असं तिथले इंजिनिअर म्हणाले. पुष्पकचं काम उरलेल्या वेळात. घरी आईला पटलंय, बाबांचं बाकी आहे. हत्यारं स्वतःची न्यावी लागतात का?

सोनेगावचे_काका:
टॉर्क रेंच, म्हणजे नट किती घट्ट झाला ते मोजणारा पाना, बिलकुल नको आणू, तो कॅलिब्रेशन केलेला हँगरचाच वापरायचा. लॉक वायरचा, म्हणजे बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायच्या तारेचा प्लायर तेवढा चांगला घे आन् प्रत्येक हत्यारावर आपली खूण कोरून ठेव. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, लावायच्या आधी सगळी मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग पायलट कितीही बोंबलो. आन् डोपच्या दिवशी सुती कपडे घालून ये.