बूट आणि चांदणी (शुक्रवार संध्याकाळची सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-१०४: ताई रविवारी तुम्ही मुलांचं ड्रॉइंग घेताय त्यासाठी नक्की काय आणायचंय? मुलगा म्हणतोय बूट आणायचा, मला वाटलं मस्करी करतोय

ए-३०२: मस्करी नाही हो, खरंच बूट आणायचाय. उंच घोट्याचा, हाय टॉप कॅनव्हासचा, नाड्या लावलेला. आणि प्लीज नवा कोरा आणू नका, वापरून वापरून चुरगळलेला असेल तर बेस्ट

ए-२०३: पण बूट कशाला? नेटवर दहा स्टेप्समध्ये स्नीकर काढायचे ढीगभर व्हिडिओ आहेत, टीव्हीवर लावून देऊ, सगळ्यांचं एकसारखं आणि छान येईल

ए-३०२: एकसारखं येईल हाच तर प्रॉब्लेम दादा. व्हिडिओ बघून मुलं त्या माणसाची रेघ कॉपी करतात, बूट बघतच नाहीत, दुसऱ्या दिवशी बूट थोडा फिरवून ठेवला की हात थांबतो. आणि जुना अशासाठी की नव्या बुटात बघण्यासारखं काही नसतं, जुन्याला बोटांपाशी घड्या पडलेल्या असतात, टाच एका बाजूला झिजलेली असते, तिथे डोळा अडकतो. चित्रकार व्हॅन गॉगनेसुद्धा १८८६ साली पॅरिसमध्ये जुने झिजलेले बूटच समोर ठेवून रंगवले होते

सी-५०१ काका: आमच्या घरी झिजलेल्या बुटांची कमतरता नाही, हवे तेवढे घेऊन जा. सौ. आशीर्वाद देईल

बी-१०४: 😂 काका. बरं ताई याने आजच प्रॅक्टिस म्हणून एक काढलाय, गमबूट दिसतोय अगदी. काय चुकलं असेल?

ए-३०२: उंची. सगळ्यांचं तिथेच चुकतं, "उंच बूट" म्हटलं की मुलं वर वर चढवत जातात. त्याला पट्टी द्या आणि खरा बूट मोजायला लावा, मागची उंची लांबीच्या निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त भरते. आधी अगदी हलक्या हाताने इंग्रजी एल (L) काढायचा, आडवी दांडी लांब, उभी आखूड, त्यावर पायमोजा चढवल्यासारखा आकार, आणि मग सोल. कागद आडवा धरायचा हे पण सांगा

सी-५०१ काका: सोल पट्टीने मारला की काम फत्ते

ए-३०२: नाही काका, पट्टी मोजायला, रेघ मारायला नाही! बूट टेबलावर ठेवा आणि पुढच्या टोकाखाली एक कागद सरकवून बघा, आत जातो. पुढचं टोक जमिनीपासून जरासं उचललेलं असतं, चालताना पाय पुढे वळावा म्हणून. सरळ रेघ मारली की बूट इस्त्रीसारखा दिसतो

सी-५०१ काका: सरकला की कागद! इतकी वर्षं बूट घालतोय, कधी बघितलं नाही

ए-२०३: आमच्याकडे नाड्यांवर रडारड झालीये. फुल्या फुल्या काढल्यात, शिडी ठेवल्यासारखी दिसतेय बुटावर

ए-३०२: नाड्यांना मी शेवटी हात लावते, आधी जीभ (नाड्यांखालचं लांब कापड), मग दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या, मग भोकं, आणि त्यानंतर एकच नाडी बोटाने धरून तिच्या मागे मागे जायचं. साधी फुलीची ओवणी असेल तर नाडी भोकातून वर येते, तिरकी पलीकडे जाते आणि समोरच्या पट्टीच्या खाली शिरते, मग थेट वरच्या भोकातून डोकं काढते. म्हणजे भोकापासून भोकापर्यंत अख्खी रेघ कधी दिसतच नाही, समोरच्या पट्टीच्या कडेला ती संपते. मुलं अख्खी रेघ मारतात कारण नाडी आत गेलीये हे त्यांना माहिती असतं, आणि माहिती आहे ते काढायचं, दिसतंय ते नाही, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. दोन नाड्या एकमेकींवरून जातात तिथे वरची अखंड, खालची तोडायची

ए-२०३: अरे हो, आत्ता बूट हातात घेऊन बघितलं, खरंच कडेला गायब होते. बूट घेऊन सोफ्यावर बसलोय, बायको विचारतेय काय झालं

बी-१०४: ताई आमच्याकडे वेगळीच गंमत. त्याने आता दोन बूट काढलेत, शेजारी शेजारी, दोघांची टोकं डावीकडे, दोघांवर घोट्यापाशी तो गोल शिक्का आणि चांदणी. मला काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाहीये

सी-५०१ काका: दोन्ही उजव्या पायाचे आहेत!

बी-१०४: म्हणजे??

सी-५०१ काका: त्याने काढलाय तो कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार, त्याच्या हाय टॉपला तो चांदणीचा गोल शिक्का आतल्या बाजूला असतो, दोन पाय जोडले की एकमेकांसमोर येतात ना, त्या बाजूला. टोक डावीकडे आणि शिक्का दिसतोय म्हणजे तो उजवाच. हा बूट १९१७ पासूनचा, बास्केटबॉलवाल्यांचा, आणि शिक्क्यावर चक टेलर या बास्केटबॉल खेळाडूची सही आली १९३० च्या दशकात. उलट नाइकीचा एअर जॉर्डन १, तो १९८५ चा, त्याचा पंखांचा शिक्का घोट्याच्या बाहेरच्या बाजूला

ए-२०३: काका तुम्ही आत्ता पाच मिनिटांपूर्वी सोल पट्टीने मारत होतात

सी-५०१ काका: नातवाच्या बुटांनी ज्ञान वाढवलंय, ड्रॉइंगने नाही

ए-३०२: काका एकदम करेक्ट. त्याला सांगा खरी जोडी जमिनीवर टोकं डावीकडे करून ठेव आणि समोर बसून बघ. शक्यतो तुम्ही सांगू नका, त्यालाच सापडू दे. फार तर एक बूट उलटा फिरवून काढेल

ॲडमिन: कृपया ड्रॉइंगची चर्चा आटोपती घ्या, पाण्याच्या टाकीचा मेसेज वर गेला

सी-५०१ काका: टाकी रविवारीच साफ होणार आहे, बूट पण रविवारी. एकच विषय समजा

बी-१०४: ताई सापडलं त्याला! पण बूट फिरवून परत काढायचा कंटाळा, म्हणून एका बुटावरची चांदणी सरळ खोडून टाकली आणि म्हणतोय "हा झाला डावा". हे चालतं का?

ए-३०२: चालतं काय, अगदी बरोबर आहे! त्या बाजूने डाव्या बुटाची बाहेरची बाजू दिसते, तिथे शिक्का नसतोच. फक्त खाली सोलच्या जवळ हवा जायला दोन बारीक भोकं काढली असतील तर तीही खोडायला सांगा, ती पण आतल्याच बाजूला असतात

बी-१०४: काढली होती, खोडली पण. आता तिथे कागद फाटलाय 🙈 मागून टेप लावली तर चालेल का

ए-३०२: चालेल की. नाहीतरी जुनाच बूट आणायला सांगितलाय मी