अंगणातल्या वेड्यावाकड्या फरशीच्या फटी कशाने भरल्यात? (अनुभव धागा)

गेल्या उन्हाळ्यात घरामागच्या मोकळ्या जागेत शहाबादीचे तुकडे बसवून घेतले. वखारीत कोपऱ्याला ढीग पडलेला असतो ना, तोच माल. दिसायला झकास, पण एकाची कड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. फट कुठे अर्धा इंच, तर कुठे अख्खी मूठ जाईल एवढी. गवंडी जाता जाता म्हणाला, "सिमेंट ओतून देऊ का?" मी ऐटीत नको म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी उकिडवा बसून गवत उपटतोय, आणि आईची काठी दिवसातून दोनदा फटीत रुतते. नातेवाइकांची मतं ऐकून झाली. आता ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा.

सातारा
फसलेलं आधी म्हणालात म्हणून पहिला नंबर लावतो. आम्ही सिमेंटच भरलं. पहिला पावसाळा छान गेला. दिवाळीच्या सुमारास केसाएवढ्या चिरा दिसल्या, तिकडे कानाडोळा केला. पुढच्या वर्षी बायको अंगण झाडत होती, तर केराबरोबर सिमेंटच्या खपल्या सुपात. तुळशीच्या लग्नाला रांगोळी काढायची तर प्रत्येक रेघ खड्ड्यात उतरून वर चढायची. गवंड्याला फोन केला, तो म्हणाला सिमेंट बरोबर होतं, फरशी हलते.

कोल्हापूर
गवंड्याचा पोरगा आहे, वडिलांच्या हाताखाली घमेली उचललीत, म्हणून जरा लांबण लावतो. साताराकरांचा गवंडी खरं बोलला. फटीत काय भरायचं हे नंतर, आधी फरशीखाली काय आहे ते बघा. खाली कोबा (काँक्रीटचा थर) असेल आणि फरशी सिमेंट-वाळूच्या मालात बसवली असेल, तर सिमेंटने दर्जा (म्हणजे सांधे) भरा, टिकतात. खाली नुसता मुरूम किंवा कच (दगडाचा चुरा) असेल, तर पाय पडला की प्रत्येक तुकडा थोडा तरी दबतो. फरशी दबते, सिमेंट दबत नाही, म्हणून तडकतं. असल्या ठिकाणी कच नाहीतर बारीक ग्रिट भरा, पाणी मारून बसवा, पुन्हा भरा. दरवर्षी पावसाळ्यानंतर थोडी वरून टाकावी लागते, त्यात कमीपणा नाही.

कोब्यावरचं काम असेल तर: जुन्या स्क्रूड्रायव्हरने फट इंचभर खोल कोरा. माती राहिली तर माल धरत नाही. धुऊन ओलसर ठेवा. 1:3 माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू), पाणी अगदी बेताचं. मुठीत दाबला की गोळा राहिला पाहिजे, पण तळहाताला पाणी सुटता कामा नये. पातळ करून ओतला की आकसतो आणि कडेने सुटतो. मूठभर फटीत नुसता माल कोंबू नका, आधी फरशीच्याच चिपा ठोका आणि उरलेल्या जागेत माल दाबा. फरशीच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवा. वर सांडलेलं तिथल्या तिथे ओल्या गोणपाटाने पुसा. मग सात दिवस गोणपाट टाकून पाणी. हे सात दिवस कुणी पाळत नाही आणि शिव्या गवंड्याला.

आणि डाग काढायला ॲसिड मारू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. फसफसतो आणि पांढरा पडतो.

सातारा
शेवटची ओळ दोन वर्षं आधी लिहायला हवी होतीत.

कुडाळ
आमच्याकडे जांभ्याचे चिरे, वेडेवाकडे फोडलेले. कोकणात फट भरण्याआधी पाण्याला वाट हवी. आम्ही हौसेने सगळं सिमेंटने बंद केलं, तर जुलैत अंगणाचं तळं आणि ऑगस्टमध्ये शेवाळ. सासरे घसरले, नशीब बुडावर पडले. मग फोडलं. नुसती वाळू भरून बघितली, ती पहिल्याच मोठ्या पावसात कुंपणाच्या गडग्यापर्यंत वाहून गेली. आता तळाला बारीक खडी, वर ग्रिट, आणि चिरे पुन्हा बसवताना आठ फुटांना इंचभर ढाळ घराच्या उलट दिशेने. तीन पावसाळे झाले. शेवाळ येतं, पण खराट्याने निघतं.

नागपूर
तुमचं गवत हरळी आहे की लव्हाळा, ते आधी पाहा. माझ्याकडे लव्हाळा होता. वरून उपटला की आठ दिवसांत पुन्हा हजर, कारण गाठ खाली मातीतच राहते. कुणीतरी सांगितलं मीठ टाका. टाकलं. लव्हाळा थोडा दबला, शेजारचा दहा वर्षांचा मोगरा मात्र गेला. अजून बोलवत नाही त्याबद्दल. शेवटी फरश्या उचलून, माती चाळून एकेक गाठ वेचली. उकळतं पाणी कोवळ्या तणाला चालतं, लव्हाळ्याला नाही.

न्यू जर्सी
इथे मागच्या अंगणात पेनसिल्व्हेनियाचा निळसर दगड. सिमेंटचा प्रश्नच नाही, कारण फटीत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि सगळं उचलून टाकतं. इकडे पॉलिमरची वाळू मिळते. कोरडी भरायची, वरून पाणी फवारायचं की घट्ट होते. सोपं वाटतं ना? मी दगडावरची धूळ न झाडता पाणी मारलं. सगळ्या अंगणावर पांढरा पापुद्रा, जसं काही कुणी ताक सांडलंय. पुढच्या खेपेला आधी झाडू, मग ब्लोअर, मग बारीक फवारा, आणि त्या दिवशी पाऊस नाही हे तीनदा बघितलं. फार रुंद फटीत ती वाळू धरत नाही. किती रुंदीपर्यंत चालते ते पिशवीवर छापलेलं असतं, मी नंतर वाचलं.

नाशिक
आम्ही काहीच भरलं नाही. उन्हात वाळत घातलेले धणे फटीत पडले आणि पावसाळ्यात कोथिंबीर आली. नळाजवळच्या ओल्या फटीत मंडूकपर्णी लावली (जिला सगळे ब्राह्मीच म्हणतात), ती मस्त पसरली. चालायच्या वाटेवर मात्र चालत नाही, चुरगळते.

धागाकर्ता
कोल्हापूरकरांचं वाचून काल पहारीने एक कोपरा उचलला. खाली मुरूम, त्याखाली गुटख्याच्या दोन पुड्या. कोबा वगैरे काही नाही. म्हणजे कचच भरायची. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, दारापासून तुळशीपर्यंतची वाट तेवढी नीट कर, बाकीची हरळी राहू दे, गणपतीत दुर्वा विकत आणतोस ते वाचेल.

रविवारी वाटेचं काम काढतोय. कोल्हापूरकर, मोठ्या फटींना कचेआधी चिपा ठोकायच्या का? आणि वखारवाला कडप्प्याच्या देतोय, चालतील?